कुत्र्यासाठी सुगंधी तेले: कोणते, किती आणि कुठे थांबायचे

मराठी घरांतल्या औषधांच्या डब्यात सुगंधी तेले फार पूर्वीपासून आहेत. सर्दीसाठी उटीच्या सहलीहून आणलेले निलगिरी तेल, दाढदुखीवर लवंगेचे तेल, पोट बिघडले की बत्ताशावर अमृतधारेचे दोन थेंब, पूजेच्या ताटातला कापूर, ही सारी एकाच कुळातली. अलीकडे इसेन्शियल ऑइल या नावाने लॅव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट आणि सिट्रोनेला यांच्या लहान बाटल्या सहज मिळू लागल्या आणि घरातल्या कुत्र्याची खाज, गोचीड, फटाक्यांची भीती, तोंडाची दुर्गंधी या सगळ्यांवरचा ‘नैसर्गिक’ उपाय म्हणून त्या उघडल्या जाऊ लागल्या. त्यांचा वापर कसा करावा, हे या लेखात सांगितले आहे. मात्र आधीच स्पष्ट केलेले बरे की, कुत्र्याच्या बाबतीत या तेलांची वाट फार अरुंद आहे. वास घेण्यापुरता वापर ही मुख्य गोष्ट. त्वचेवरचा वापर क्वचित आणि पशुवैद्याला विचारूनच. तोंडावाटे देणे मात्र पूर्णपणे वर्ज्य.

घाण्याचे तेल आणि वाफेचे तेल

सर्वात मोठा घोटाळा येथूनच सुरू होतो. निंबोळी, करंज, खोबरेल, तीळ ही बिया किंवा खोबरे दाबून काढलेली तेले आहेत. त्यांचा थेंब कागदावर टाकला, तर दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग तसाच दिसतो. निलगिरी, लॅव्हेंडर, गवती चहा यांची तेले पाने-फुले वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढतात. त्यांचा थेंब काही तासांत उडून जातो आणि डाग जवळजवळ उरत नाही. त्यामुळे ‘आमच्या आजोबांनी कुत्र्याला करंजेल चोळले होते, त्याला काही झाले नाही’ या अनुभवावरून टी ट्री तेलाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. दोन्हींना आपण तेल म्हणतो, एवढेच त्यांच्यातले साम्य.

फरक मुख्यतः तीव्रतेचा आहे. लॅव्हेंडरच्या ताज्या फुलांत तेलाचे प्रमाण एक टक्क्याच्या आगेमागे असते, म्हणजे एक किलो तेलासाठी क्विंटलभर फुले लागतात. अंगणातल्या गवती चहाची पात कुत्र्याने चघळली, तर फार तर तो ती उलटून टाकेल. पण त्याच गवताच्या तेलाचे काही मिलिलिटर त्याच्या पोटात गेले, तर गाठ वेगळ्याच मात्रेशी असते. बाजारातल्या साध्या ड्रॉपरचे सुमारे 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर, हा हिशेब पुढे अनेकदा लागणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

कुत्र्याचे शरीर वेगळे का

माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी अर्धा-पाऊण कोटीच्या घरात असतात, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार वीस कोटी किंवा त्याहूनही अधिक असल्याचे मानले जाते. आपल्याला ‘मंद सुवास’ वाटतो तो त्याला भडक वाटू शकतो आणि आपण खोलीबाहेर जाऊ शकतो तसा तो साखळीला बांधलेला किंवा बंद दाराआड असताना जाऊ शकत नाही. दुसरी गोष्ट जिभेची. कुत्र्याच्या अंगाला लावलेले काहीही काही वेळाने त्याच्या पोटात जाते, त्यामुळे ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ ही सूचना त्याच्यापुरती निरर्थक ठरते. त्याच्या त्वचेचा वरचा थर माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असतो आणि ही तेले चरबीत विरघळणारी असल्यामुळे त्वचेतून झपाट्याने रक्तात जातात, पुढे ती निकामी करून बाहेर टाकण्याचा भार यकृतावर पडतो.

वजनाचा मुद्दा लोक सर्वात सहज विसरतात. तीन किलोच्या पोमेरेनियनला आणि तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला ‘दोन थेंब’ सारखे नसतात. पहिल्याला ती मात्रा दहापट पडते.

या संदर्भात टी ट्री तेलाची नोंद बोलकी आहे. अमेरिकेतील एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्राकडे 2002 ते 2012 या काळात शुद्ध, म्हणजे न पातळ केलेल्या टी ट्री तेलामुळे कुत्र्या-मांजरांना विषबाधा झाल्याची 443 प्रकरणे आली, त्यांत 337 कुत्रे होते. त्यांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. बाटली चुकून सांडली किंवा प्राण्याने ती चावली, अशी प्रकरणे त्यात थोडी होती. दहांपैकी जवळजवळ नऊ वेळा मालकाने ते तेल स्वतःच्या हाताने, बरे व्हावे म्हणूनच वापरले होते. लक्षणे सामान्यतः दोन ते बारा तासांत दिसू लागली: लाळ गळणे, गुंगी, पायांतले बळ जाणे, झोकांड्या जाणे, थरथर. काही प्राण्यांत ती तीन दिवसांपर्यंत टिकली. त्यामुळे इंटरनेटवरच्या ‘खाजेवर टी ट्रीचे दोन थेंब थेट लावा’ या सल्ल्याला माझ्या मते कोणताही आधार उरत नाही.

कोणती तेले घरात कुत्र्याजवळ आणू नयेत

टी ट्रीखालोखाल विंटरग्रीन नावाच्या वनस्पतीचे तेल येते. त्याचा जवळजवळ सगळा भाग मिथाइल सॅलिसिलेटचा असतो आणि ते अॅस्पिरिनच्याच कुळातले रसायन आहे. हे तेल आपण विकत घेत नाही असे वाटले, तरी दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या बहुतेक बामांत ते मेंथॉल आणि कापरासह असते. आजींनी रात्री गुडघ्याला बाम लावला आणि पायाशी झोपलेल्या कुत्र्याने प्रेमाने तो चाटला, हे दृश्य अनेक घरांत रोजचे आहे. बाम लावल्यावर गुडघ्यावर फडके बांधावे किंवा कुत्र्याला तेवढा वेळ दूर ठेवावे, इतका साधा उपाय पुरेसा आहे.

कापूर आणि निलगिरी यांमुळे झटके येऊ शकतात. ज्या कुत्र्याला फिट येण्याचा इतिहास आहे, त्याच्या बाबतीत या दोघांसह रोझमेरीचे तेलही पूर्ण टाळावे. पेनीरॉयल नावाच्या पुदिन्याच्या भाईबंदाचे तेल पिसवांवर गुणकारी म्हणून विदेशी पुस्तकांतून आपल्याकडे पोचले आहे. त्यातील पुलेगोन हे रसायन यकृत निकामी करते आणि ते अंगाला लावल्यामुळे कुत्रा दगावल्याची नोंद पशुवैद्यकीय साहित्यात आहे. दालचिनी, लवंग, ओवा यांची तेले त्वचेला आणि तोंडातल्या नाजूक आवरणाला भाजतात. कुत्र्याच्या दुखऱ्या दाताला लवंगेच्या तेलाचा बोळा लावण्याची कल्पना म्हणूनच सोडून द्यावी. तो दात दाखवायलाच हवा. अमृतधारा म्हणजे पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर यांचे एकमेकांत विरघळलेले मिश्रण. माणसाचे पोट त्याने शांत होत असेल, पण कुत्र्याला जुलाब झाले म्हणून ती पाण्यातून पाजणे धोक्याचे आहे.

फरशी पुसण्याच्या फिनेलकडेही या निमित्ताने पाहावे. पांढऱ्या फिनेलमध्ये बहुधा पाइन तेल असते. ओल्या फरशीवरून चाललेला कुत्रा नंतर पंजे चाटत बसतो. फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला गॅलरीत ठेवावे किंवा शेवटचा हात साध्या पाण्याचा फिरवावा.

काही कुत्र्यांसाठी तर वासाचा सौम्य वापरही टाळलेला बरा. लहान पिल्ले, गाभण किंवा अंगावर पाजणारी कुत्री, यकृताचा विकार असलेले, फिट येणारे आणि श्वसनाचा त्रास असलेले कुत्रे हे त्यांत येतात. पग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना आधीच श्वास घ्यायला कष्ट पडतात, त्यांच्या खोलीत डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारे यंत्र, लावण्याचे काही कारण नाही. घरात मांजर असेल, तर नियम आणखी कडक होतो, कारण अशी रसायने पचवण्यासाठी लागणारी एक महत्त्वाची यकृत-प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठीही हवेतला असा अर्क घातक ठरू शकतो.

मग उरते काय

उरते मुख्यतः लॅव्हेंडर. त्याच्या बाजूने थोडा का होईना, अभ्यासाचा आधार आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील डेबोरा वेल्स यांनी मोटारीत बसले की भुंकणाऱ्या आणि अस्वस्थ होणाऱ्या 32 कुत्र्यांवर केलेला प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीत लॅव्हेंडरचा वास असताना ते कुत्रे अधिक वेळ बसून किंवा पडून राहिले आणि त्यांची हालचाल व आवाज कमी झाला. त्याआधी 2005 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात आश्रयगृहातील कुत्रे लॅव्हेंडर आणि कॅमोमाइल यांच्या वासाने अधिक स्वस्थ राहिले, तर रोझमेरी आणि पेपरमिंट यांच्या वासाने अधिक चुळबुळ करू लागले. हे परिणाम उत्साहवर्धक आहेत, पण ते सौम्य अस्वस्थतेपुरते आहेत. घाबरून दार ओरबाडणाऱ्या कुत्र्याला केवळ वासाने शांत करता येईल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

लॅव्हेंडर घेताना बाटलीवर लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया हे वनस्पतीचे नाव आहे का, ते पाहावे. ‘स्पाइक लॅव्हेंडर’ नावाच्या दुसऱ्या जातीत कापराचा अंश बराच अधिक असतो, ती घेऊ नये. ‘अरोमा ऑइल’ किंवा ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ असे लिहिलेल्या बाटल्यांत बहुधा कृत्रिम सुवास असतो, तो खोलीतल्या शोभेच्या दिव्यापुरता ठीक. जम्मू-काश्मीरमधील भदरवाहच्या परिसरात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेमुळे लॅव्हेंडरची शेती वाढली आहे, त्यामुळे चांगले देशी तेलही आता मिळते. विक्रेत्याकडे त्या घाण्याचा, म्हणजे बॅचचा, गॅस क्रोमॅटोग्राफी अहवाल, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत हे सांगणारा तपासणी अहवाल, मागावा. जो देत नाही, त्याच्याकडून माणसासाठी घेतले तरी चालेल, कुत्र्यासाठी घेऊ नये. बाटली गडद काचेची असावी, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि ती बंद कपाटात, वरच्या फळीवर ठेवावी. हवा आणि उष्णता लागून जुनी झालेली तेले त्वचेला अधिक झोंबतात, आणि कोकणातल्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेली बाटली फार लवकर जुनी होते.

वास द्यायचा तो असा

यासाठी यंत्राची गरज नाही. सुती रुमालाचा लहान तुकडा घ्यावा, त्यावर लॅव्हेंडरचा एकच थेंब टाकावा आणि तो दहा-पंधरा मिनिटे उघड्यावर ठेवावा, म्हणजे पहिला तीव्र भपका निघून जातो. मग तो हातात धरून जमिनीवर बसावे आणि हात कुत्र्यापासून चार-पाच फुटांवर ठेवावा. कापड त्याच्या नाकापाशी न्यायचे नाही. त्याला वाटले तर तो येईल. या दोन-तीन मिनिटांत त्याच्याकडे नीट पाहावे. तो जवळ आला, हुंगले आणि पुन्हा जागेवर जाऊन पडला, तर वास त्याला चालतो. त्याने तोंड फिरवले, ओठ चाटले, शिंक दिली, नाक पंजाने पुसले, कान मागे घेतले किंवा उठून दुसऱ्या खोलीत गेला, तर उत्तर मिळालेले आहे. कापड घडी करून पिशवीत बंद करावे आणि त्या कुत्र्यासाठी हा विषय तेथेच संपवावा. काही कुत्र्यांना कोणताच परका वास आवडत नाही, त्यांना समजावण्याचा प्रयत्न करू नये.

ज्याला वास चालला, त्याच्यासाठी ते कापड त्याच्या झोपण्याच्या जागेपासून हातभर अंतरावर, त्याला तोंडात धरता येणार नाही अशा उंचीवर टांगावे आणि अर्ध्या तासाने काढून टाकावे. दार उघडे राहिले पाहिजे. वासापासून दूर जाण्याचे स्वातंत्र्य त्याला असणे, हा या पद्धतीतला सर्वात महत्त्वाचा भाग आहे आणि म्हणूनच तेलाचा थेंब पट्ट्यावर, गळ्यातल्या रुमालावर किंवा गादीवर टाकू नये. गळ्यात बांधलेल्या वासापासून तो कुठे जाणार?

मोटारीच्या प्रवासासाठी हेच कापड डॅशबोर्डजवळ ठेवावे, काच थोडी खाली असावी आणि वातानुकूलन आतलीच हवा फिरवत राहील अशा स्थितीत नसावे. घाटातल्या वळणांत कुत्र्याला उलटी होत असेल, तर ती मळमळ आहे. तिच्यावर पशुवैद्याचे औषध मिळते आणि रिकाम्या पोटी नेण्याचा उपयोग लॅव्हेंडरपेक्षा अधिक होतो.

डिफ्यूझर वापरायचाच असेल, तर 100 मिलिलिटर पाण्यात दोन थेंबांहून अधिक नको, वीस मिनिटांहून अधिक वेळ नको आणि कुत्रा जिथे झोपतो त्याच कोपऱ्यात तर मुळीच नको. कंपनांनी धुके करणारी यंत्रे तेलाचे सूक्ष्म तुषार हवेत सोडतात, ते केसांवर बसतात आणि मग चाटण्यातून पोटात जातात. पाण्याविना नुसते तेल फवारणारी यंत्रे कुत्र्याच्या घरात लावूच नयेत. यंत्राची वायर लोंबती राहिली आणि शेपटीच्या फटक्याने भांडे सांडले, असेही होते, तेव्हा ते उंचावर आणि भिंतीला टेकवून ठेवावे.

दिवाळीच्या फटाक्यांसाठी तयारी करायची असेल, तर ती नवरात्रापासूनच करावी लागते. फटाक्यांच्या रात्री घाबरलेल्या कुत्र्यासमोर पहिल्यांदाच कापड धरले, तर तो वास त्याच्या मनात भीतीशीच जोडला जाण्याची शक्यता असते. त्याऐवजी आधीचे तीन-चार आठवडे, रोज संध्याकाळी तो शांत असताना, जेवणानंतर किंवा अंग चोळून देताना, अर्धा तास कापड टांगावे. तो वास आणि ती निवांत वेळ यांची सांगड बसली, तर प्रत्यक्ष दिवाळीत त्याचा काही उपयोग होतो. त्या रात्री आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद कराव्या लागतात आणि बंद खोलीत डिफ्यूझर तर चालवूच नये. तेव्हा त्या रात्री फक्त कापड, आणि तेही आतल्या खोलीच्या उघड्या दाराजवळ. पडदे ओढावेत, पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा, पलंगाखाली त्याची जागा करून द्यावी, संध्याकाळचे फिरणे फटाके सुरू होण्याआधी उरकावे. ज्याची भीती खरोखर तीव्र आहे, त्याच्यासाठी पशुवैद्य त्या काही दिवसांपुरते औषध लिहून देतात आणि ते घेण्यात संकोच मानू नये. मूळ उपाय हे आहेत; वास हा त्यांच्या सोबतीला.

त्वचेवर लावण्याबद्दल

पशुवैद्याने तपासून होकार दिला असेल तरच पुढचे वाचावे. 30 मिलिलिटर खोबरेल तेलात लॅव्हेंडरचे तीन थेंब म्हणजे अर्धा टक्का. निरोगी, मोठ्या कुत्र्यासाठी याहून तीव्र मिश्रण करण्याची गरज नाही. थंडीत खोबरेल थिजलेले असेल, तर ते कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करावे आणि गार झाल्यावरच थेंब घालावेत. आधी मांडीच्या आतल्या बाजूला, केस विरळ असतात तेथे, मुगाच्या दाण्याएवढे मिश्रण लावावे, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचे कोन घालावे आणि पूर्ण दिवस वाट पाहावी. लाली, पुरळ किंवा खाज दिसली, तर साबणाने धुवावे आणि पुन्हा लावू नये. डोळे, नाक, तोंड, गुदद्वार, जननेंद्रिये आणि कोणतीही उघडी जखम यांच्या जवळ हे मिश्रण न्यायचे नाही.

पाण्यात तेल मिसळत नाही, हे शाळेत शिकलेले अंघोळीच्या वेळी विसरले जाते. बादलीभर पाण्यात टाकलेले चार थेंब वर तरंगतात आणि पाणी ओतताना जसेच्या तसे, म्हणजे शुद्ध स्वरूपात, केसांना चिकटतात. स्प्रेच्या बाटलीतही तेच होते. अंगाला सुवास हवा असेल, तर खरोखर ऊर्ध्वपातनाने काढलेले गुलाबजल किंवा वाळ्याचे पाणी रुमालावर घेऊन पाठीवरून पुसावे. लेबलावर पाणी, रंग, सुगंध आणि संरक्षक यांची यादी असलेले स्वस्त गुलाबजल मात्र त्या कामाचे नाही.

कानात कोणतेही तेल घालू नये. पावसाळ्यात कॉकर स्पॅनिअल, लॅब्रॅडॉर अशा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांच्या कानांत बुरशी वाढते, वास येतो, काळपट मळ दिसतो, आणि ‘टी ट्री बुरशीवर चांगले’ म्हणून ते घातले जाते. आत पडदा फाटलेला असेल, तर ते आतल्या कानापर्यंत पोचून ऐकणे आणि तोल दोन्हींना इजा होऊ शकते; पडदा शाबूत आहे की नाही, हे घरी दिसत नाही. पावसाळ्यातल्या खाजेचेही असेच आहे: बोटांच्या फटी आणि पोटाखालचे केस रोज कोरड्या टॉवेलने पुसणे आणि डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू सांगितला तेवढा वेळ अंगावर राहू देणे, याने जे साधते ते तेलाने साधत नाही.

गोचीड आणि किड्यांची जखम

गवती चहा आणि सिट्रोनेला यांचा वास काही कीटकांना नकोसा असतो, हे खरे आहे. पण तो तासा-दोन तासांत उडून जातो आणि गोचीड चोवीस तास कामावर असते. आपल्याकडे कुत्र्यांवर दिसणारी तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, खाटेच्या सांध्यात हजारो अंडी घालते. तिच्यामुळे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे आजार होतात, रक्तातल्या प्लेटलेट घटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि उशीर झाला तर कुत्रा जातो. अशा शत्रूसमोर सुवास घेऊन उभे राहणे मला बेजबाबदार वाटते. पशुवैद्याने वजनानुसार दिलेली गोळी किंवा मानेवर सोडायचे औषध वेळेवर द्यावे, घरातल्या फटी बुजवाव्यात, अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवावे. अंगावर चिकटलेली गोचीड काढताना तिच्यावर तेल, रॉकेल किंवा कापराचे पाणी ओतू नये. बारीक चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ ओढावे आणि साबणाच्या किंवा स्पिरिटच्या पाण्यात टाकावे.

टर्पेंटाइनबद्दल वेगळे सांगावे लागते, कारण ते पाइनच्या राळेपासून काढलेले सुगंधी तेलच आहे आणि रस्त्यावरच्या कुत्र्याच्या जखमेत किडे पडले की ते ओतण्याची पद्धत गावोगावी आहे. पशुवैद्यही पूर्वापार ते वापरत आले आहेत, पण कसे, ते पाहावे: त्यात भिजवून पिळलेला लहान बोळा जखमेच्या तोंडाशी थोडा वेळ ठेवतात, श्वास कोंडून किडे वर येतात, मग चिमट्याने एकेक किडा काढून जखम सलाइनने धुतात. अर्धी बाटली जखमेत रिकामी करणे ही त्या पद्धतीची नक्कल नव्हे. टर्पेंटाइन उघड्या मांसाला भाजते, त्यातून रक्तात जाते, आणि आत खोल मेलेले किडे सडून जखम आणखी चिघळते. डोळा, कान किंवा गुदद्वाराजवळच्या जखमेवर ते लावूच नये. अशा कुत्र्याला जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, आणि परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही उपचार होतात.

चुकून पोटात किंवा अंगावर गेले तर

उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध, तूप, काहीही पाजू नये. उलटी होताना तेल फुप्फुसात उतरले, तर होणारा न्यूमोनिया मूळ विषबाधेपेक्षा भारी पडतो. अंगावर सांडले असेल, तर भांडी घासायच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने, केसांना विरुद्ध दिशेने चोळून, वास कमी होईपर्यंत दोन-तीन वेळा धुवावे. हे करताना हातात मोजे घालावेत आणि कुत्र्याला चाटू देऊ नये. धुतल्यावर त्याला कोरडे करून उबदार ठेवावे, कारण या विषबाधेत अंग थंड पडू शकते. डोळ्यात गेले असेल, तर स्वच्छ पाण्याची किंवा सलाइनची बारीक धार पंधरा-वीस मिनिटे सोडावी. डिफ्यूझरमुळे त्रास होत असेल, तर यंत्र बंद करून कुत्र्याला मोकळ्या हवेत न्यावे.

त्याच वेळी दुसऱ्या कोणी पशुवैद्याला फोन करावा. तेलाचे नाव, बाटलीतून अंदाजे किती गेले, किती वाजता गेले आणि कुत्र्याचे वजन किती, या चार गोष्टी सांगाव्यात आणि बाटली सोबत न्यावी. झोकांड्या, थरथर, झटके, श्वासाची घरघर किंवा जाग न येणारी गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर फोनवरच्या उत्तराची वाट न पाहता निघावे. कुत्रा वरून ठीक दिसत असला, तरी लक्षणे बारा तासांनीही सुरू होऊ शकतात, म्हणून ती रात्र त्याच्याजवळ कोणीतरी झोपावे, आणि पुढचे तीन दिवस त्याचे खाणे, चालणे आणि लघवी यांवर लक्ष ठेवावे. तेल लागलेली गादी, पट्टा आणि टॉवेल धुऊन उन्हात वाळवावेत आणि वास पूर्ण गेल्याशिवाय त्याला परत देऊ नयेत.